ज्ञान लोकांनी गोळा केलं, मग तिकीट कशाचं?

पक्षी आणि वन्यजीवांवरच्या संध्याकाळच्या व्याख्यानांना प्रवेशशुल्क असावं की नसावं, हा वरवर पाहता आयोजकांच्या हिशेबाचा प्रश्न वाटतो. सभागृहाचं भाडं, प्रोजेक्टर, वक्त्याचा प्रवास यांचे पैसे कुठून तरी यायला हवेत, तेव्हा ऐकणाऱ्यानंच थोडे द्यावेत, असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. माझं मत मात्र नेमकं उलट आहे. ही व्याख्यानं मोफतच हवीत, येईल त्या प्रत्येकाला खुली हवीत आणि त्यांचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हायला हवा. यात उपकाराचा प्रश्नच येत नाही. या ज्ञानावर लोकांचा हक्क आहे, कारण त्यातला मोठा वाटा लोकांनीच जमवलेला आहे.

स्थलांतराचंच घ्या. युरोपातले करकोचे हिवाळ्यात जातात कुठे, याचं खात्रीचं उत्तर शतकानुशतकं कुणाकडे नव्हतं. काही पक्षी कपारीत, बिळात दडून थंडी काढतात, असं ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं आणि पुढे कितीतरी पिढ्यांनी ते खरं मानलं. 1822 मध्ये जर्मनीतल्या क्लुट्झ गावाजवळ एक करकोचा मिळाला. त्याच्या मानेत जवळपास 80 सेंटिमीटर लांबीचा भाला आरपार रुतलेला होता आणि त्या भाल्याचं लाकूड मध्य आफ्रिकेतलं होतं. म्हणजे हा पक्षी आफ्रिकेत घायाळ झाला आणि मानेतला भाला घेऊन हजारो किलोमीटर उडत परत आला. रोस्टॉक विद्यापीठाच्या संग्रहात तो आजही आहे. कुणा पंडितानं मांडलेल्या सिद्धान्ताआधी गावाजवळ सापडलेल्या एका पक्ष्यानं हा प्रश्न पुढे नेला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढचं पाऊल एका शिक्षकानं टाकलं. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावात शिकवणाऱ्या हान्स मोर्टेनसेन यांनी 1899 मध्ये 165 स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमच्या हलक्या कड्या घातल्या. कडीवर क्रमांक आणि पत्ता. कल्पना साधी आहे, पण ती चालण्याची एक अट आहे. दूर कुठेतरी तो पक्षी ज्याच्या हाती लागेल त्यानं कडी बघितली पाहिजे, त्यावरचं वाचलं पाहिजे आणि पत्र लिहायची तसदी घेतली पाहिजे. पक्ष्यांचे प्रवासमार्ग सांगणारे जे नकाशे आपण पुस्तकांत पाहतो, त्यांच्या मागे अशी असंख्य पत्रं आहेत. ती पाठवणारे शेतकरी, कोळी, शिकारी, शाळकरी मुलं होती. त्यांची नावं नकाशावर नसतात.

मोजणीचीही तीच गोष्ट. अमेरिकेत नाताळच्या दिवशी गटागटानं बाहेर पडून दिसेल तो पक्षी मारायचा, असा एक खेळ होता. पक्षीशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांनी 1900 च्या नाताळात सुचवलं की मारण्याऐवजी मोजू. पहिल्या वर्षी 27 जण 25 ठिकाणी गेले. ती मोजणी आजही चालू आहे. 1966 पासून तिच्या जोडीला वीणीच्या हंगामातली रस्त्याकडेची मोजणी आली, तीही मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि 1970 नंतर उत्तर अमेरिकेतले सुमारे 290 कोटी पक्षी, म्हणजे तिथले 29 टक्के पक्षी, कमी झाल्याचं त्यातून जगाला कळलं. रडारनं टिपलेल्या नोंदीही त्यात होत्या, पण आकड्यांचा कणा होता तो पहाटे उठून, बिनपगारी, वर्षानुवर्षं त्याच वाटांवर पक्षी मोजणाऱ्या माणसांचा. पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद कुणालाही करता येते अशा, 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर 2021 पर्यंत 100 कोटी नोंदी जमा झाल्या, त्याही अशाच.

शास्त्रज्ञांचं श्रेय यानं तसूभरही कमी होत नाही. नोंदींमधल्या चुका काढणं, मोजणाऱ्याच्या डोळ्यांतला फरक हिशेबात धरणं, लाखो आकड्यांतून एक विश्वासार्ह रेषा काढणं हे त्यांचंच काम आणि ते कठीण आहे. पण पुढे काय होतं? निष्कर्ष इंग्रजीत छापला जातो, बऱ्याचदा अशा नियतकालिकात की ज्याचा एक लेख वाचायला सामान्य माणसाला भरभक्कम पैसे मोजावे लागतात. ज्यानं वीस वर्षं तळ्यावरची बदकं मोजली, त्याला त्या मोजणीतून काय निघालं हे कळण्याचा हमखास मार्गच उरत नाही. संध्याकाळचं मोफत व्याख्यान हा तो मार्ग आहे. लोकांकडून घेतलं ते तिथे लोकांना परत जातं. त्या दारात तिकिटाची खिडकी लावणं मला अन्यायाचं वाटतं.

हक्क बाजूला ठेवला तरी गरज उरतेच, आणि गरज नेमकी कुणाला आहे हे पाहिलं की शुल्काचा मुद्दा आणखी लंगडा पडतो.

सापांवरचं व्याख्यान घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी 81 हजार ते 1 लाख 38 हजार माणसं सर्पदंशानं मरतात. 2030 पर्यंत हे मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट या संघटनेनं 2019 मध्ये ठरवलं. हे मरणारे कोण? शेतात अनवाणी राबणारे, गुरं राखणारे, जमिनीवर झोपणारे. मण्यारीसारखा साप रात्री अंथरुणात झोपलेल्याला चावतो आणि पुष्कळदा दंशाची जागा दुखत नाही, सुजत नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी खाण्यातून झालं. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायात बूट असावेत. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीनं आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता माणसाला सरळ रुग्णालयात न्यावं, कारण उतारा फक्त तिथे मिळणाऱ्या प्रतिविषाचा आहे. एवढं सांगायला पंधरा मिनिटं लागतात. या पंधरा मिनिटांसाठी ज्याच्याकडून पैसे मागायचे, तो बहुधा येणारच नाही. जो पैसे देऊन येईल, त्याच्या घरात पलंग असतो. व्याख्यान भरलेलं दिसेल आणि ज्याच्यासाठी ते ठेवलं तो बाहेर राहील.

गिधाडांची कहाणी याहून कडू आहे. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. एके काळी जगातल्या सर्वांत विपुल मोठ्या शिकारी पक्ष्यांत ज्याची गणना होई, तो पक्षी डोळ्यांदेखत गेला. कारण 2004 मध्ये उघड झालं. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं. 2006 मध्ये या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्यायही हाताशी होता. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, इतक्या की 2015 मध्ये कुपी 3 मिलिलिटरपेक्षा मोठी असू नये असा नियम करावा लागला. बंदी कागदावर दिल्लीत होते, पण सुई गोठ्यात टोचली जाते. गाय आडवी पडली असताना औषध निवडणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगितलं होतं? कुठल्या संध्याकाळी, कुठल्या भाषेत? गिधाडांवरची उत्तम व्याख्यानं मी ऐकली आहेत. त्यांतली बरीचशी अशा सभागृहांत झाली, जिथे एकाही श्रोत्याच्या घरी गुरं नसावीत.

उलट, बोलणं योग्य माणसांपर्यंत पोहोचलं तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाभोवती दर ऑक्टोबरात अमूर ससाणे लाखोंनी उतरतात. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जाताना त्यांचा हा विसावा. 2012 मध्ये तिथे जाळी लावून रोज हजारोंच्या संख्येनं ते मारले जात असल्याचं उजेडात आलं. लगेच पुढच्या वर्षी, 2013 मध्ये, पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार पूर्ण थांबवली. त्या एका वर्षात वनखात्याचा धाक होताच, पण ग्रामसभांच्या बैठका झाल्या, चर्चमधून आवाहन झालं, मुलांचे निसर्गवर्ग सुरू झाले. हा पक्षी कुठून येतो, अरबी समुद्र न थांबता कसा ओलांडतो, हे गावकऱ्यांनी ऐकलं. त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली गेली आणि त्यांची नावं ठेवली नागा, पांगती, वोखा. आपल्या गावाचं नाव घेतलेला पक्षी सोमालियाच्या किनाऱ्यावर पोहोचल्याची बातमी गावानं ऐकली. यातली एकही बैठक तिकीट लावून होऊ शकली असती का?

मोफत दारातून कोण आत येईल हे आधी सांगता येत नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. विजेवरच्या शोधांसाठी पुढे जगप्रसिद्ध झालेला मायकेल फॅरडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता, तेव्हा शहरात होणाऱ्या विज्ञानाच्या संध्याकाळच्या व्याख्यानांचं शुल्क होतं एक शिलिंग. ते त्याच्याकडे नव्हतं. भावानं दिलं. 1812 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींना ऐकायची तिकिटं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला दिली. त्यानं टिपणं काढली, स्वतः बांधली, डेव्हींना पाठवली आणि 1813 मध्ये तिथे मदतनीस म्हणून लागला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. याच माणसानं नंतर त्याच संस्थेत शुक्रवार संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली. पण मला त्या शिलिंगाचा विचार जास्त येतो. एक भाऊ आणि एक गिऱ्हाईक यांच्या भलेपणावर ही गोष्ट अडून होती. ज्यांना असा भाऊ नव्हता, असं गिऱ्हाईक भेटलं नाही, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

‘फुकटाला किंमत नसते’ हा आक्षेप हमखास येतो. नावं नोंदवतात आणि येत नाहीत, मध्येच उठून जातात, फोनवर बोलतात, असं आयोजक सांगतात, आणि ते खोटं नाही. पण याचं औषध शुल्क हे कसं? सार्वजनिक वाचनालयात पुस्तक फुकट मिळतं म्हणून वाचणारा ते कमी लक्ष देऊन वाचतो, असं आपण म्हणत नाही. लोक उठून जातात ते व्याख्यान रटाळ असतं म्हणून, किंवा शेवटची बस चुकेल म्हणून. पहिल्यावर उपाय वक्त्याकडे आहे आणि दुसऱ्यावर आयोजकाकडे. वेळेवर सुरू करा. स्वागत, सत्कार, दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक यांत पाऊण तास घालवू नका. तेवढ्यानं निम्मे उठणारे बसून राहतील.

आणखी एक प्रकार अलीकडे वाढला आहे. ‘प्रवेश मोफत, पण पूर्वनोंदणी आवश्यक.’ मग ॲप उतरवून घ्या, ईमेल द्या, फोनवर आलेला अंक भरा. हे सगळं ज्याला सहज जमतं तोच येतो. सभागृहात जागा मोजक्या असतील तर आधी येईल तो बसेल, एवढा नियम पुरेसा आहे. वाटेनं जाताना दारावरचा फलक वाचून कुतूहलानं आत शिरलेला माणूस हा या व्याख्यानांचा सर्वांत मोलाचा श्रोता असतो. त्याला बाहेर काढणारी कुठलीही व्यवस्था मोफत म्हणवून घेऊ नये.

हल्ली सगळं फोनवर दिसतं, मग सभागृहात कशाला जायचं, असं तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पक्ष्यांची जी दृश्यं आज घरबसल्या दिसतात ती पूर्वी कुणाच्या नशिबी नव्हती. वक्ता जर त्यांच्याशीच स्पर्धा करायला गेला तर हरेल. पण समोरासमोर जे घडतं ते वेगळं असतं. गव्हाणी घुबडाची गोळी उकलताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे पटेल. हे घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं, दात, केस पचत नाहीत. ते पोटात दाबले जाऊन काही तासांनी तोंडावाटे गोळीच्या रूपात बाहेर टाकले जातात. ताजी असताना ही गोळी काळपट आणि चकचकीत असते, वाळली की करडी आणि हलकी होते. वक्ता ती उथळ ताटलीत कोमट पाण्यात ठेवतो, वर कॅमेरा लावतो, चिमट्यानं केसांचा गुंता हळूहळू सोडवतो. आधी बरगड्या येतात, बारीक आणि वाकलेल्या. मग एक कवटी. पुढचे दात पिवळट नारिंगी, त्यांच्या मागे मोकळी फट, मग दाढा. हा उंदीर. दुसऱ्या जबड्यात ती फट नसते, टोकेरी दातांची सलग रांग असते. ही चिचुंद्री. मागच्या रांगेतली मुलं उठून पुढे येतात, मोठी माणसं जबडे मोजू लागतात, आणि एका गोळीतून तीन-चार जीव निघाले की सभागृहात सगळेच हिशेब करायला लागतात, एका रात्रीत किती, एका वर्षात किती.

तिथेच कुणीतरी विचारतं, आम्ही घरात उंदरांचं औषध टाकतो, त्यानं घुबडाला काही होतं का? होतं. रक्त गोठू न देणारी जी विषं सर्रास विकली जातात, ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या तावडीत सहज सापडतो. मग ते विष घुबडाच्या यकृतात साठत जातं. हा प्रश्न व्याख्यानाच्या आराखड्यात नव्हता. तो विचारणाऱ्याच्या स्वयंपाकघरातून आला, आणि उत्तर त्याच्याबरोबर शंभर जणांनी ऐकलं. घरी जाऊन पिंजरा आणायचा की पुडी, हे त्यांतले काही जण त्या रात्री ठरवतील. फोनवरच्या चित्रफितीला असा प्रश्न विचारता येत नाही, आणि शेजाऱ्यानं विचारलेला प्रश्न तर त्यात मुळीच ऐकू येत नाही. म्हणून मी म्हणतो, दीड तासाचं व्याख्यान असेल तर अर्धा तास प्रश्नांचा, आणि तो वक्त्यानं ‘दोनच मिनिटं घेतो’ म्हणत खाऊ नये.

संध्याकाळच का, यालाही उत्तर आहे. दिवसा माणसं कामावर असतात हे तर झालंच. शिवाय कितीतरी प्राण्यांचा दिवस तेव्हा सुरू होतो. लहान कीटकभक्षी वटवाघळं 45 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतात. माणसाचा कान फार तर 20 पर्यंत ऐकतो. तो आवाज आपल्या कानाच्या टप्प्यात आणून ऐकवणारं छोटं यंत्र मिळतं. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांना तसंच बाहेर दिव्याच्या खांबाखाली न्या. यंत्रातून टक टक टक असा सावकाश ठोका येतो, मग तो भराभर होत एका लांब घरघरीत मिसळतो. वटवाघळानं त्या क्षणी किडा गाठलेला असतो. रोज त्याच खांबाखालून जाणाऱ्यांना आपल्या डोक्यावर काय चाललं होतं हे तेव्हा कळतं.

‘ज्यांना आधीच आवड आहे तेच येतात’ ही तक्रार मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण ती बऱ्याच ठिकाणी खरी आहे. तेच पन्नास चेहरे, त्याच दुर्बिणी. मोफत ठेवलं की आपोआप सगळे येतील असं नाही. त्यासाठी उठून जावं लागतं. आसाममध्ये वन्यजीव संशोधक पूर्णिमा देवी बर्मन यांनी हे केलं. हरगिला नावाचा अवाढव्य, टकला, दिसायला ओबडधोबड करकोचा गावातल्या खासगी झाडांवर घरटी करतो. घाण पडते, वास येतो, म्हणून लोक झाडंच तोडत. 2007 मध्ये पिल्लांसकट असं एक झाड पडलेलं त्यांनी पाहिलं. संरक्षणाच्या बैठकांना बायका येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी पाककृती स्पर्धा ठेवल्या आणि तिथे पक्ष्याविषयी बोलणं सुरू केलं. त्यातून ‘हरगिला आर्मी’ उभी राहिली, हजारो बायकांची. कामरूप जिल्ह्यातल्या त्या गावांतली घरटी 28 वरून 250 च्या पुढे गेली, आणि 2023 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत हा पक्षी ‘संकटग्रस्त’ गटातून दोन पायऱ्या अधिक सुरक्षित अशा ‘संकटाच्या जवळ’ गटात आला. याचा अर्थ प्रत्येक आयोजकानं स्पर्धा भरवाव्यात असा नाही. झाडाचा मालक कोण, निर्णय कोण घेतं आणि ती व्यक्ती संध्याकाळी कुठे असते, हे आधी शोधावं. मग व्याख्यान तिथे न्यावं, शाळेच्या पटांगणात, बाजाराच्या आवारात, कामगारांच्या वस्तीत.

मोफत ठेवायचं म्हणून प्रायोजक शोधले जातात, आणि इथे मला धोका दिसतो. सहली विकणारा प्रायोजक असेल तर व्याख्यान हळूहळू त्याच्या पुढच्या सहलीची जाहिरात होतं. ज्याला पाणथळ जागेवर भराव टाकायचा आहे त्यानं पैसे दिले असतील, तर वक्ता रोहित पक्ष्यांच्या सौंदर्यावर तासभर बोलेल आणि भरावाचा शब्द काढणार नाही. त्याला कुणी गप्प राहायला सांगावंही लागत नाही. श्रोत्यानं पैसे द्यायचे नाहीत आणि स्वार्थ असलेल्या कुणी ते द्यायचे नाहीत, तर उरतो सार्वजनिक निधी. वाचनालयं, वस्तुसंग्रहालयं, विद्यापीठं, स्थानिक स्वराज्य संस्था, वनखातं यांच्याकडे सभागृहं आहेत आणि संध्याकाळी त्यांतली पुष्कळशी कुलूपबंद असतात. महिन्यातून एक संध्याकाळ कुलूप काढायला फार मोठी तरतूद लागत नाही.

व्याख्यान कशाचं असावं याबद्दलही थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. छायाचित्रांची मालिका दाखवत, हा फोटो कुठे काढला, कुठली लेन्स वापरली, असं सांगत जाणं म्हणजे वन्यजीवांवरचं व्याख्यान नव्हे. त्यातून श्रोता एवढंच शिकतो की महागडा कॅमेरा हवा आणि दूरचं जंगल हवं. घरट्यातल्या पिल्लांची जवळून काढलेली चित्रं तर मोठ्या पडद्यावर दाखवूच नयेत. ती पाहून आणखी दहा जण तसंच करायला निघतात. पाळतीवर असलेल्या भक्षकाला घरटं सापडतं किंवा आईबाप घरटं सोडतात. दुर्मीळ पक्ष्याच्या वीणीची जागा सार्वजनिक व्यासपीठावरून कधीही सांगू नये. ज्ञान सगळ्यांचं आहे असं मी म्हणतो आहे, तरी पत्ता हा त्यातला एवढा एक तुकडा राखून ठेवायला हवा, पक्ष्याच्या जिवासाठी. बाकी कावळा, चिमणी, साळुंकी, पाल, दिव्याभोवतीचे पतंग यांवर उत्तम व्याख्यानं होऊ शकतात, आणि त्यांवरच ती जास्त व्हायला हवीत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी श्रोत्याला ते पडताळून पाहता येतं.

वक्त्यानं मात्र फुकट बोलू नये. ही अपेक्षा सर्रास केली जाते, ‘समाजकार्य आहे’ या नावाखाली. मग ज्यांचं पोट दुसरीकडून भरतं तेच वक्ते उरतात. ज्याचं ज्ञान रानात आयुष्य घालवून आलं आहे, तो रोजगार बुडवून येऊ शकत नाही. जंगलात वाट दाखवणारा, पाणवठ्यावर पहारा करणारा, साप सुरक्षित सोडणारा माणूस मंचावर यायला हवा, आणि प्राध्यापकाला जेवढं मानधन तेवढंच त्याला मिळायला हवं. पगारी संशोधकांचं वेगळं. सार्वजनिक पैशातून ज्यांचं संशोधन चालतं, त्यांच्या कामाच्या करारातच वर्षाला दोन खुली संध्याकाळची व्याख्यानं असावीत, संशोधन जिथे झालं त्या परिसरात आणि तिथल्या लोकांच्या भाषेत. शोधनिबंध जसा मोजला जातो तशी ही व्याख्यानंही बढतीच्या वेळी मोजली जावीत. अनेकांना हे अवघड जाईल, कारण स्वतःचा विषय परिभाषेची कुबडी न घेता सांगणं ही वेगळी विद्या आहे. पण ती शिकता येते, आणि ती शिकताना संशोधकाला आपल्याच कामातल्या धूसर जागा दिसतात.

हे नियमित असावं, महिन्याचा ठरलेला वार आणि ठरलेली जागा, म्हणजे जाहिरातीशिवायही लोकांना माहीत असेल. दाराशी एक वही ठेवावी. वक्त्याला ज्याचं उत्तर आलं नाही तो प्रश्न तिच्यात उतरवावा, विचारणाऱ्याचा संपर्क त्याच्या मर्जीनं घ्यावा. श्रोत्यांनी आपल्या परिसरात पाहिलेल्या गोष्टीही, तारीख आणि जागेसह, त्याच वहीत लिहाव्यात. त्या पडताळून मोठ्या नोंदसंग्रहात टाकण्याचं काम एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे सोपवता येईल. पुढच्या महिन्याच्या व्याख्यानाची पहिली दहा मिनिटं मागच्या वहीतल्या उत्तरांना द्यावीत.